सात ठिकाणांहून दिसणारा माणूस

आमच्या बागवसाहतीच्या सर्वसाधारण सभेत, मला लाज वाटते की नाही, यावर मतदान झालं. वाटते या बाजूने एकतीस हात वर झाले, विरुद्ध बारा, आणि चौघे त्या वेळी बटाट्याचं सॅलड घ्यायला उठले होते म्हणून तटस्थ धरले गेले. आयुष्याची चाळीस वर्षं मी बाल्टिकच्या किनाऱ्यावर आणि या वसाहतीत अंगावर सूतही न ठेवता वावरलो आहे. अशा माणसाची लाज बहुमताने मंजूर व्हावी हा प्रकार मला अजून नीट पचलेला नाही. पण अर्ज मीच केला होता, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करणार?

सुरुवात झाली मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. उत्तर जर्मनीतल्या आमच्या ग्राइफ्सवाल्डला थंडी सरून पहिलं खरं ऊन पडलं, की वसाहतीतल्या भाड्याच्या छोट्या बागांत एकूण एक लोक कपडे काढून खुंटीला अडकवतात. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. नियमांत कुंपणाची उंची आहे, दुपारी एक ते तीन गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही हे आहे, कंपोस्टचा ढीग शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती लांब हवा हेही आहे. कपड्यांबद्दल मात्र नियमावली गप्प आहे. आमचे आईबाप तसे बसायचे, आम्ही तसे बसतो. त्या शनिवारीही सगळे तसेच बसले. फक्त माझी बायको, रोझविटा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला लोकरीचा स्वेटर घालून शतावरीच्या कोंबांची सालं काढत होती. तापमान चोवीस अंश होतं.

डिसेंबरात तिचा डावा स्तन काढावा लागला होता. कर्करोग. वेळेवर कळलं, सगळं निघालं, असं डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या तपासण्याही चांगल्या आल्या. वसाहतीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. रोझविटा हिवाळ्यात पित्ताशयासाठी काही दिवस दवाखान्यात होती, एवढीच खबर लोकांना होती, आणि यापलीकडे कुणाला काही सांगायचं नाही असं तिने मला बजावलं होतं. ही बाई चार वर्षांची असल्यापासून समुद्रात कपड्यांशिवाय उतरलेली आहे. पोहण्याच्या पोशाखाला ती ओलं फडकं म्हणते. त्या दिवशी शेजारच्या इल्झाकाकू कुंपणापलीकडून गेल्या, तेव्हा तिने स्वेटरवरून आणखी एक टॉवेल ओढून घेतला. संध्याकाळी सायकली काढताना तीच म्हणाली, "कुणी बघत नसतं ना, तर बसले असते मी."

मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी हातोडी शोधतो.

अडचण कुंपणाची होती. आमच्या वसाहतीत वाटेकडेच्या झुडपांची उंची सव्वा मीटरच्या वर जाऊ देत नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला बाग दिसली पाहिजे, असा नियम आहे. सव्वा मीटर म्हणजे उभ्या माणसाच्या बरगड्यांपर्यंत. आडोशासाठी याहून निरुपयोगी उंची शोधून सापडणार नाही. मी पहिला उपाय म्हणून वेताची मोठी चटई आणली आणि परवानगीच्या भानगडीत न पडता झुडपांवर दोऱ्यांनी बांधली. रविवारी समुद्रावरून वारा आला. चटई उठली, कुंपण ओलांडून गेली आणि ऊन खात पडलेल्या इल्झाकाकूंवर जाऊन पसरली. काकूंचं वय अठ्ठ्याहत्तर. अंगावर फक्त गवती टोपी आणि रबरी चपला.

"हेनिंग," चटईखालून आवाज आला, "मी मेले नाहीये अजून. गुंडाळायची एवढी घाई नको."

मग मी रीतसर अर्ज करायचं ठरवलं. इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. निवृत्त होईपर्यंत मी नगरपालिकेच्या बांधकाम परवाना खात्यात होतो. तीस वर्षं मी लोकांचे गॅरेजांचे, छपरांचे आणि कुंपणांचे अर्ज परत पाठवले. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' असं लिहिलेलं दिसलं, की मला शाळामास्तराला चुकीची बेरीज दिसल्यावर होतो तसा आनंद व्हायचा. आता मीच त्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहून अर्ज दिला, आणि तो तिसऱ्या दिवशी परत आला. शेऱ्यात लिहिलं होतं, 'वैयक्तिक हे कारण नव्हे.' जशास तसं म्हणतात ते हेच.

शेरा लिहिणारे होते वसाहतीचे अध्यक्ष मानफ्रेड पागेनकॉप्फ. मानफ्रेड बावीस वर्षं आमच्या मागच्या प्लॉटवर आहे. अंगात शर्ट नसला की तो मानफ्रेड आणि मी हेनिंग, आणि आमचं अरेतुरे चालतं. शर्ट चढवला की तो अध्यक्ष पागेनकॉप्फ साहेब होतो आणि मग दोघंही एकमेकांना 'आपण' म्हणतो. विजारीचा या पदाशी संबंध नाही. वसाहतीचं सगळं कामकाज तो फक्त शर्टावर पाहतो.

खरं कारण मी देऊ शकत नव्हतो. ते रोझविटाचं होतं आणि तिने सांगायला बंदी केली होती. दुसरं काही सुचेना, म्हणून मी लिहून टाकलं, 'अर्जदारास उघड्यावर इतरांनी पाहिलेले सहन होत नाही.' लिहिताना वाटलं, झाकली मूठ राहील, काम होईल. ती मूठ सोमवारी सकाळी दहा वाजेपर्यंतच झाकलेली राहिली. सूचनाफलकावर सगळे अर्ज लावायचे असतात, हे मी विसरलो होतो.

पहिल्या इल्झाकाकू आल्या, चेरीचा केक घेऊन. बसल्या आणि माझ्या पोटाकडे बघत म्हणाल्या, "हे होय? अरे, याची कसली लाज? माझ्या नवऱ्याचं पोट तर असं होतं की दारातून आधी पोट यायचं आणि मग तो. समुद्रावर मी त्याच्या सावलीत बसायची."

"पोटाचं नाहीये ते, काकू."

काकूंची नजर आणखी खाली गेली. थोडा वेळ विचार करून त्या म्हणाल्या, "तेही काही वाईट नाहीये. खा, केक खा."

आमच्यात एक शिष्टाचार आहे. उघड्या माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघायचं, नाहीतर आभाळाकडे बघून हवामानावर बोलायचं. चाळीस वर्षांत हनुवटीच्या खाली मला कुणी पाहिलं नव्हतं, आणि मीही कुणाला पाहिलं नव्हतं. म्हणून तर इतकी वर्षं कुणाला काही वाटलं नाही. अर्ज लागला आणि हा शिष्टाचार माझ्यापुरता रद्द झाला. याला कशाची बरं लाज वाटत असेल, हे शोधायला माणसं वाकून बघू लागली. एकाने पोटाच्या व्यायामाचा पट्टा दारात आणून ठेवला. दुसऱ्याने, वाकडे पाय वंशपरंपरेने येतात, त्यात माझा काही दोष नाही, असं मला बाजूला घेऊन सांगितलं. माझे पाय वाकडे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. व्हॉलीबॉलचे गडी संघ घेऊन बोलवायला आले आणि म्हणाले, "चल, कुणी बघत नाही तिकडे." मी गेलो, तर दोन्ही बाजूंचे अकराच्या अकरा जण चेंडू सोडून मलाच बघत होते. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माझ्या अर्जातला मजकूर अक्षरशः खरा झाला.

रोझविटाला हे सगळं दिसत होतं. एकदा बशा पुसताना ती म्हणाली, "माझ्यासाठी गावभर हसं करून घेतोयस."

"हसण्याचं काही नाही. पायांचं लागलंय मला."

"वाकडे आहेतच ते," ती म्हणाली. "मी लग्नाआधीच पाहिले होते."

मग समितीची पाहणी ठरली. अर्जदार कुठून कुठून दिसतो याची खात्री केल्याशिवाय आडोशाची उंची ठरवता येत नाही, असा पागेनकॉप्फ साहेबांचा मुद्दा होता. परवाना खात्यातला माणूस म्हणून मला तो मान्य करावा लागला. समिती म्हणजे साहेब स्वतः, मोजपट्टी धरणारा एक सदस्य आणि लिहून घेणाऱ्या इल्झाकाकू. शनिवारी अकरा वाजता समिती वाटेवर उभी राहिली.

"आपण झोपा," साहेब म्हणाले.

"कसा?"

"नेहमी झोपता तसे."

"म्हणजे कपडे काढून?"

"अर्जात तसंच आहे ना? कपड्यात आपण दिसलात, तर समितीला त्याचं काय करायचंय?"

मी कपडे काढले आणि आरामखुर्चीत पडलो. मला पाहिलेलं सहन होत नाही, हे सिद्ध करण्यासाठी मला शिस्तीत पाहण्यात येत होतं. समिती वाटेवरून दहा दहा पावलं पुढे सरकत होती, थांबत होती, वाकत होती.

"ठिकाण एक. दिसताय," साहेबांचा आवाज यायचा. "ठिकाण दोन. दिसताय, आणि बरेच दिसताय. लिहा, काकू. ठिकाण तीन. हात वर करा. हां. आता कूस बदला."

"कूस कशाला?"

"माणूस काय दिवसभर एकाच कुशीवर झोपतो?"

आमची वाट पुढे समुद्राकडे जाते, त्यामुळे तिच्यावर पाहुण्यांचीही ये-जा असते. ठिकाण चारच्या सुमारास सायकलवाल्यांचा एक जथा आला. दक्षिणेकडची मंडळी, डोक्याला शिरस्त्राणं, अंगाला घट्ट रंगीत कपडे. समिती वाकलेली पाहून तेही थांबले, आणि समितीशेजारी ओळीने वाकले. इथे काय बघण्यासारखं आहे, असं एकाने विचारलं. साहेबांनी, मोजणी चालू आहे, असं सांगितलं. इतकी माणसं एका जागी उभी राहून बघतायत म्हणजे पैसे वसूल होण्यासारखं काहीतरी असणार, असं त्यांना वाटलं असावं, कारण ठिकाण सहा उरकलं तरी ते हलेनात. त्यांच्यातल्या एक आजी सायकल धरून वळणावर उभ्या होत्या. तिथूनच त्या ओरडल्या, "मला इथून नुसता गुडघा दिसतोय."

"कुठे उभ्या आहात आपण?" साहेबांनी विचारलं. "तिथेच थांबा. हे ठिकाण सात झालं. लिहा काकू, गुडघा, उजवा."

मी डोळे मिटून घेतले. माझ्या नावाला, वयाला आणि तीस वर्षांच्या नोकरीला हे शोभत नव्हतं. एवढ्यात मागच्या लाकडी खोलीतून आवाज आला. आधी वाटलं, काही पडलं. मग कळलं, रोझविटा हसतेय. पडद्याआड उभी राहून, तोंडाला बशा पुसायचं फडकं लावून, खिंकाळल्यासारखी हसतेय. डिसेंबरनंतर मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. तेव्हा ठिकाण आठ आणि नऊही काढा असं मी समितीला सुचवलं असतं, पण साहेबांचा कागद भरला होता.

सभा पुढच्या आठवड्यात झाली. मी आणि रोझविटा मागच्या बाकावर बसलो. बारा नंबरच्या प्लॉटवरचे म्हातारे गृहस्थ विरोधात उठले. म्हणाले, "कुंपण बुटकं का असतं? माणूस पडला तर दिसावा म्हणून. मी गेल्या वर्षी शिडीवरून पडलो, तेव्हा सगळ्यांनी पाहिलं म्हणून वाचलो. उद्या प्रत्येक जण फळ्या ठोकून आत बसला, तर कोण जिवंत आहे हे कळायचं कसं?" टाळ्या पडल्या. मलाही मुद्दा पटला. कुणीतरी म्हणालं की इतकी वर्षं जमलं आणि आत्ताच काय झालं? रोझविटाने माझ्या शेजारी मान खाली घातली. तिचा हात स्वेटरच्या वरच्या बटणाशी गेला. मला वाटलं, आता ही उठणार आणि सगळं सांगून टाकणार. मी तिचा कोपर घट्ट धरला.

तेवढ्यात इल्झाकाकू उठल्या. "मी याला चाळीस वर्षं बघतेय," त्या म्हणाल्या. "आडोसा झाला तर बघण्यासारखं काही आपण गमावतोय असं नाही. त्याला वाटतेय लाज, तर वाटू द्या. कारण विचारायला आपण काय त्याच्या सासरचे?"

त्यावर हात वर झाले आणि एकतीस विरुद्ध बारा असा निकाल लागला. परवानगी एका हंगामापुरती, एकतीस ऑक्टोबरपर्यंत. डॉक्टरांचं पत्र जोडायचं. आणि साहेबांनी एक अट घातली, जी मीही त्यांच्या जागी घातली असती: अर्जदार आडोशाबाहेर कपड्यांशिवाय आढळल्यास गरज संपली असं समजून आडोसा काढण्यात येईल.

पत्रासाठी मी आमच्या डॉक्टरीणबाईंकडे, टेश्केबाईंकडे गेलो. त्यांनी माझं म्हणणं ऐकलं आणि चष्मा काढला.

"हेनिंग ब्र्युसो, गेल्या ऑगस्टात किनाऱ्यावर तुम्ही माझ्यासमोर व्हॉलीबॉल खेळत होतात. जिंकल्यावर उड्याही मारल्यात. मी खोटं कसं लिहू?"

टेश्केबाईंनी हिवाळ्यात रोझविटाला दवाखान्यात पाठवलं होतं, त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"कशी आहे ती?"

"स्वेटर घालून बसते."

त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं, 'उघड्यावर पाहिले जाण्यामुळे या कुटुंबात त्रास आहे. हंगामापुरता आडोसा आवश्यक.' मग शिक्का मारून म्हणाल्या, "यात काही खोटं नाही. त्रास नेमका कुणाला, हे विचारायचा पागेनकॉप्फ साहेबांना अधिकार नाही. विचारलंच तर माझ्याकडे पाठवा."

आडोसा उभा राहायला जुलै उजाडला. एक मीटर ऐंशी, लार्चच्या लाकडाच्या फळ्या, तीन बाजूंनी. खांब रोवताना मी पाण्याची नळी फोडली आणि दोन दिवस अर्ध्या वसाहतीचं पाणी बंद होतं, पण लाजऱ्या माणसाला कोण काय बोलणार? लोक बादल्या घेऊन जाताना माझ्याकडे पाहून सहानुभूतीने माना हलवत होते.

पहिल्या दिवशी रोझविटा आत गेली आणि बराच वेळ स्वेटर घालूनच बसली. मी शेजारी वर्तमानपत्र धरून बसलो. मग तिने एकेक बटण काढलं. मी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

"बघत नाहीयेस का?"

"बघू?"

"घरी बघतोसच की. इथे उन्हात कसं दिसतं ते सांग."

मी पाहिलं. व्रण गुलाबी होता, सरळ होता, शिंप्याने नीट शिवण घातल्यासारखा. तसं मी सांगितलं. तिने डोळे मिटले आणि दोन तास ऊन खाल्लं. मला इतका आनंद झाला की मी दुपारच्या शांततेच्या वेळेत गवत कापायला निघालो होतो, तिनेच थांबवलं.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी ती तक्रार करू लागली. आत वारा येत नाही म्हणाली. बाहेरून आवाज येतात पण कोण बोलतंय ते दिसत नाही. सहा नंबरवाल्यांचं भांडण चाललंय आणि मधलंच ऐकू येतंय. शेवटी ती उठली, पातेलं घेतलं, आणि वाटेकडेच्या झुडपांतले करंटची लाल आंबट फळं काढायला आडोशाबाहेर गेली. अंगावर काही नव्हतं. मी जागेवरून हललो नाही. हाक मारली तर ती परत येईल अशी भीती वाटली.

वाटेवरून इल्झाकाकू आल्या. सव्वा मीटरच्या कुंपणापलीकडे थांबल्या. त्यांनी आभाळाकडे पाहिलं नाही. रोझविटाच्या छातीकडे सरळ पाहिलं, सावकाश, पूर्ण. रोझविटाने पातेलं वर उचललं नाही.

"मला तू पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणाली होतीस," काकू म्हणाल्या. "बरंच वर होतं म्हणायचं तुझं पित्ताशय."

"हो," रोझविटा म्हणाली. "आणि चुकीच्या बाजूला."

"दुखतं?"

"हात वर केला की ओढ बसते."

"मग वरचे करंट मी काढते, तू खालचे काढ." काकू फाटक उघडून आत आल्या आणि दोघी काढू लागल्या. अर्ध्या तासात त्या सहा नंबरवाल्यांच्या भांडणाच्या मुळापर्यंत पोचल्या होत्या.

त्यानंतर रोझविटा रोज बाहेर असते. काही दिवस मात्र ती सकाळी उठून काही न बोलता फळ्यांच्या आत जाते आणि संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही. असे दिवस कधी येतील हे तिलाही सांगता येत नाही. म्हणून आडोसा हवा. आणि आडोसा हवा, तर मी आडोशाबाहेर कपडे घालूनच वावरलं पाहिजे. ऑगस्ट आला, तीस अंश झाले, वसाहत उघडी बसली, आणि त्या सगळ्यांत मी एकटा विजार आणि लांब बाह्यांचा शर्ट घालून वांग्यांना पाणी घालत होतो. नवी माणसं दबक्या आवाजात माझ्याबद्दल विचारतात आणि जुनी माणसं त्यांना दबक्या आवाजात सांगतात.

गेल्या रविवारी मानफ्रेड आला. अंगात शर्ट होता, हातात फाइल. हंगामाच्या मध्यावर गरज तपासायची असते म्हणाला. मी वाफ्यापाशी उभा होतो. पलीकडे रोझविटा उन्हात पाठमोरी उभी राहून दोरीवर टॉवेल वाळत घालत होती, आणि टॉवेल घालता घालता ती वळली. मानफ्रेडने तिला पाहिलं. मग आडोशाकडे पाहिलं, तो रिकामा होता. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या कानशिलावरून घाम गळत होता.

"गरज आहे अजून?" त्याने विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "मला फार लाज वाटते."

त्याने फाइलवर काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं, खाली बघून. मग टोपण लावत म्हणाला, "गरज कायम, असं लिहिलंय. पुढच्या वर्षीचा अर्ज मार्चमध्ये दे, मी फलकावर लावणार नाही." आणि जाता जाता फाटकापाशी थांबून म्हणाला, "वरचं बटण लाव, हेनिंग. कुणीतरी बघेल."

मी वरचं बटण लावलं.